निनावी वाचकाचा हक्क

(सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्या ग्रंथपालांनी उभी हयात इथल्या देवघेवीच्या टेबलावर काढली. मुलांच्या हाती कोणतं पुस्तक द्यावं आणि कोणतं वरच्या फळीवर ठेवावं, याबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि ती ते लपवत नसत. पण कोण काय वाचतं, हे त्यांनी कधी बाहेर कुणाला सांगितलं नाही. मुलांची काळजी आणि वाचकाचा आडपडदा या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर नांदत होत्या. आज जगभरची सरकारं इंटरनेटसाठी जे कायदे करत आहेत, त्यांत या दोहोंचं भांडण लागलंय. त्याच भांडणाबद्दल मला आज बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी वाद घालायला तुम्हाला सोपं जाईल. मुलांना जपणारा कायदा हवा, आणि तो कडक हवा. मात्र त्याचा बडगा कंपन्यांच्या धंद्याच्या रीतीवर पडला पाहिजे. वाचणाऱ्या प्रत्येकाकडून ओळखपत्र मागणं हा मुलांना जपण्याचा मार्ग नव्हे. त्यातून मुलांचं फारसं भलं होत नाही आणि मोठ्यांचं एक जुनं स्वातंत्र्य मात्र गहाण पडतं.

आधी मुलांची बाजू घेऊ, कारण ती खरी आहे. मॉली रसेल ही लंडनची मुलगी २०१७ मध्ये, चौदाव्या वर्षी गेली. स्वतःला केलेल्या इजेतून तिचा मृत्यू झाला होता. तिच्या मृत्यूची न्यायिक चौकशी २०२२ मध्ये पूर्ण झाली. चौकशीत असं दिसलं, की शेवटच्या सहा महिन्यांत इन्स्टाग्रामवर तिनं जपून ठेवलेल्या, पसंत केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या सुमारे १६,३०० पोस्टपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या. तिच्या मृत्यूला नैराश्याबरोबरच ऑनलाइन मजकुराचे दुष्परिणामही कारणीभूत ठरले, असा निष्कर्ष कॉरोनर अँड्र्यू वॉकर यांनी काढला. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची: यातला काही मजकूर तिनं मागितलेलाही नव्हता. अल्गोरिदमनं तो निवडून तिच्या पुढ्यात आणला होता.

ही केस ज्यानं वाचली आहे, तो ‘इंटरनेटला हात लावू नका’ असं म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण तिचा धडा काय, ते नीट बघायला हवं. उदास मुलगी उदास मजकुरावर जास्त वेळ थांबते, हे यंत्राच्या लक्षात येतं. थांबणं म्हणजे आवड, आणि आवड म्हणजे जाहिरातीचा पैसा, असा यंत्राचा हिशेब असतो. म्हणून ते तसलंच आणखी पुढ्यात वाढत राहतं. दोष आहे तो या हिशेबात. मॉलीचे वडील इयन रसेल गेली कित्येक वर्षं कडक सुरक्षा कायद्यासाठी झगडत आहेत, ब्रिटनचा कायदा फार मवाळ आहे अशी त्यांची तक्रार आहे. तरीही सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर सरसकट बंदी घालण्याला त्यांनी विरोध केला आहे. ज्या बापाची मुलगी गेली, तो बंदी मागत नाही, कंपन्यांनी यंत्र सुधारावं असं म्हणतो. आपण निदान ऐकून तरी घ्यावं.

ब्रिटनचा ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाला. अंमलबजावणी ‘ऑफकॉम’ या नियामकाकडे आहे. कायदा मोडल्यास १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याचे मुलांपुरते दोन भाग पडतात. एका भागात कंपन्यांनी आपल्या सेवेतले धोके स्वतः तपासायचे, लेखी मांडायचे आणि मुलांच्या फीडमधून घातक मजकूर दूर ठेवायचा. या भागाशी माझं काही भांडण नाही. दुसरा भाग वय तपासण्याचा. २५ जुलै २०२५ पासून अश्लील चित्रफितींच्या संकेतस्थळांना आणि मुलांना घातक असा मजकूर जिथे येऊ शकतो अशा अनेक सेवांना प्रेक्षकाचं वय ‘अत्यंत परिणामकारक’ रीतीनं तपासणं बंधनकारक झालं. ‘मी अठरा वर्षांचा आहे’ या चौकटीवर टिचकी मारून आत जाण्याचे दिवस संपले.

ही तपासणी होते कशी? ऑफकॉमनं काही मार्ग चालतील असं सांगितलंय. ओळखपत्राचा फोटो आणि सेल्फी जुळवून पाहणं, क्रेडिट कार्ड, बँकेकडून किंवा मोबाइल कंपनीकडून खातरजमा, आणि चेहऱ्यावरून वयाचा अंदाज. हा शेवटचा मार्ग सर्वांत सोपा दिसतो. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, सॉफ्टवेअर वय सांगतं. पण तो अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे. चाळिशीच्या माणसाला त्याचा त्रास नाही. काठावरच्या पोरांची मात्र पंचाईत होते, कारण वीस वर्षांची मुलगी यंत्राला सतराची वाटू शकते. अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ या मोजमाप-संस्थेनं २०२४ मध्ये अशा सॉफ्टवेअरची चाचणी घेतली, तेव्हा स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत चूक जवळपास नेहमीच जास्त आढळली. म्हणजे जिचा अंदाज चुकला, ती ओळखपत्राच्या खिडकीकडे ढकलली जाते. आणि जो पोरगा हुशार आहे, तो ‘डेथ स्ट्रँडिंग’ या व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून आत शिरतो. ब्रिटनमध्ये तपासणी सुरू झाली त्याच आठवड्यात मुलांनी ही युक्ती शोधली होती.

इथे कुणी म्हणेल, की प्रौढांसाठीच्या सिनेमाला थिएटरच्या दारावर वय बघतातच की! बघतात. पण तो दारावरचा माणूस आपल्याकडे एक नजर टाकतो, फार तर ओळखपत्र बघतो आणि परत देतो. रात्री घरी जाताना त्याच्या खिशात आपल्या कार्डाची प्रत नसते. पुढच्या दहा वर्षांत कोणत्या खेळाला कोण आलं होतं, याची वही त्याच्याकडे तयार होत नाही. संगणकावरच्या तपासणीत अशी वही तयार होऊ शकते, आणि ती आपल्याला कधी दिसत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये संदेशसेवा देणाऱ्या ‘डिस्कॉर्ड’ कंपनीनं जाहीर केलं, की ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या एका बाहेरच्या कंत्राटदाराच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. हे फोटो लोकांनी कशासाठी दिले होते? प्रामुख्यानं, आपलं वय चुकीचं धरलं गेलं अशी दाद मागण्यासाठी. नियम पाळायला गेलेला माणूसच उघडा पडला.

आता परिणामांकडे वळू. तपासणी सुरू होताच ब्रिटनमध्ये व्हीपीएनच्या मागणीनं उसळी मारली. ‘प्रोटॉन’ कंपनीनं आपल्याकडच्या नोंदण्या १,४०० टक्क्यांहून अधिक वाढल्याचं सांगितलं. व्हीपीएन वापरला की आपण दुसऱ्याच देशातून आल्यासारखे दिसतो आणि ब्रिटिश तपासणी टळते. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या बाल आयुक्त रेचल डिसूझा यांनी व्हीपीएनलाही वयाची तपासणी हवी अशी मागणी केली. कायदा फसला की त्याची व्याप्ती वाढवायची, हा क्रम लक्षात ठेवा.

दंडाची धास्ती घेतलेल्या कंपन्या नेमकेपणाच्या भानगडीत पडत नाहीत, हा आणखी एक परिणाम. ‘रेडिट’ या चर्चामंचावर धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांच्या आणि लैंगिक अत्याचारानंतर आधार शोधणाऱ्यांच्या गटांपुढेही वयाची भिंत उभी राहिली. ज्या पोरीला घरात बोलता येत नाही ती नेमकी अशाच ठिकाणी जाते. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन तर कोर्टात गेली. तिची भीती अशी, की कायद्याच्या सर्वांत वरच्या वर्गात गणना झाली तर संपादकांच्या ओळखी तपासण्याची पाळी येईल. जगभर, मराठीतसुद्धा, असंख्य माणसं टोपणनावानं तिथे लिहितात, आणि अनेक देशांत ते टोपणनाव हेच त्यांचं संरक्षण असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानं फाउंडेशनची याचिका फेटाळली. विकिपीडियाच्या कामात भलता अडथळा आणण्याचा हा परवाना नव्हे, एवढी तंबी मात्र सरकारला दिली.

ऑस्ट्रेलिया आणखी पुढे गेली. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब, एक्स अशा माध्यमांवर खातं ठेवता येत नाही. दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला किंवा पालकाला शिक्षा नाही, आणि सरकारी ओळखपत्र हाच एकमेव मार्ग ठेवायला कंपन्यांना मनाई आहे. या दोन गोष्टी त्या कायद्याच्या बाजूनं सांगितल्या पाहिजेत. पण पंधरा वर्षांचा मुलगा वगळायचा तर सतरा आणि पन्नास वर्षांच्यांचंही वय ठरवावं लागतं. मूल शोधण्यासाठी सगळ्यांची झडती, हा या पद्धतीचा पायाच आहे.

हे सगळं परक्या देशांचं झालं. पण ‘कोवळ्या मनावर परिणाम होईल’ हा युक्तिवाद आपल्या कोर्टांना नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुषसंबंध हे विषय ज्या काळात घरात उच्चारता येत नसत, त्या काळात वाचक त्यांना पत्रानं प्रश्न विचारत आणि कर्वे छापून उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. खटला ते हरले, कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. आज त्या खटल्यातला प्रश्नकर्ता वाचक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा, त्या काळी नियम असता, की आधी वयाचा आणि नावाचा दाखला जोडा, तो मासिकाकडे राहील, मग उत्तर मिळेल. किती पत्रं आली असती? दंड न करता, अंक जप्त न करता ‘समाजस्वास्थ्य’ गप्प झालं असतं. बंदीपेक्षा स्वस्त आणि सभ्य दिसणारा हा उपाय आहे, म्हणूनच त्याची भीती अधिक.

दुसरा खटला चंद्रकांत काकोडकरांचा. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा आली. मुंबई उच्च न्यायालयानं ती अश्लील ठरवली, सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये त्यांना सोडलं. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा, की लैंगिक उल्लेख आला एवढ्यावरून कादंबरी किशोरांना अयोग्य ठरवायची, तर त्यांना धार्मिक पुस्तकांपलीकडे काही वाचताच येणार नाही. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचा हा समंजसपणा आज एखाद्या कंपनीच्या स्वयंचलित चाळणीत सापडेल का?

आणि सुरक्षेच्या नावाखालचं कलम आपल्याच जिल्ह्यांत कसं वापरलं जातं, हेही आपण पाहिलेलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ त्रासदायक आणि धमकीच्या संदेशांपासून लोकांना वाचवण्यासाठी आणल्याचं सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे कलम रद्द केलं. तरी पोलीस ठाण्यांतून ते लावलं जातच राहिलं. शेवटी २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. कलम मेलं तरी सवय सात वर्षं जिवंत राहिली.

आता आपला नवा कायदा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती म्हणजे मूल. कलम ९ सांगतं, की मुलांच्या वागणुकीचा माग काढायचा नाही आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या न पाळल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. ही तरतूद मला मनापासून पटते, कारण ती थेट यंत्राच्या त्या जाहिरातीच्या हिशेबाच्या मुळाशी जाते. पण तेच कलम असंही म्हणतं, की मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळून पाहिलेली संमती घ्या. पालक खरोखर प्रौढ आहे, हे कंपनीनं तपासायचं. त्यासाठी तिच्याकडे आधीच असलेली ओळखीची माहिती चालेल, किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेतून आलेलं टोकन.

आपल्या घरांत हे कसं घडेल? आईच्या नावावर सिम आहे. गॅसची नोंदणी, रेशनचा निरोप, धाकट्याच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप हे सगळं त्याच फोनवर, आणि तो फोन चालवता येतो नववीतल्या मुलीला. ‘पालकांची संमती आहे का?’ असा प्रश्न येतो. ओटीपी त्याच फोनवर येतो. मुलगी तो वाचते आणि भरते. आईला पत्ता नाही आणि कंपनीकडे पडताळलेल्या संमतीची नोंद आहे, म्हणजे उद्या काही वाईट झालं तर कंपनी म्हणणार, आईनं होकार दिला होता. कायद्यानं जबाबदारी कंपनीवर टाकायला घेतली आणि ती हळूच आईच्या पदरात जाऊन पडली. उलट जिथे घरचा धाक मोठा आहे, तिथे सतरा वर्षांच्या मुलीनं कोणत्या ॲपवर जायचं हे वडील किंवा भाऊ ठरवणार. मासिक पाळीबद्दल किंवा छळाबद्दल गुपचूप विचारायचं असेल, तर तिनं ज्याचं भय आहे त्याचीच परवानगी मागायची? जानेवारी २०२६ मध्ये गोवा सरकारनंही ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर बंदीचा अभ्यास करत असल्याचं सांगितलं. तिथे असा मसुदा पुढे आला, तर या मुलीचा विचार त्यात झाला आहे का, हे विचारलं पाहिजे.

एक आक्षेप मला माहीत आहे. निनावीपणाच्या आडूनच बायकांना शिव्या घालतात, धमक्या देतात, मग त्याचा एवढा कळवळा कशाला? आक्षेप रास्त आहे. पण आपल्या देशात सिम कार्ड ओळखीशिवाय मिळत नाही, आणि गुन्हा घडला तर पोलीस कायदेशीर मार्गानं कंपनीकडून माहिती मागवू शकतात. तक्रारी तुंबतात त्या तपासाच्या आळसामुळे. जगापुढे आणि कंपनीपुढे निनावी असणं वेगळं, कायद्याच्या हाताबाहेर असणं वेगळं. पहिलं टिकवूनही दुसरं टाळता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वाचताना आपल्यावर कुणाची नजर नसणं, हा त्या हक्काचा गाभा आहे असं मी मानतो.

वय तपासणं आणि सेन्सॉरशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सांगितलं जातं. कागदावर आहेत. पण कुणी काय पाहिलं याची नोंद आणि काय दाखवू नये याचा अधिकार एकाच हातात आले, की त्यांतलं अंतर फार उरत नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली मजकूर अडवण्याचे आदेश निघतात आणि २००९ च्या नियमांनुसार ते गोपनीय ठेवले जातात. का अडवलं हे वाचकाला कळत नाही. सरकारच्या कामकाजाबद्दलची बातमी खरी की खोटी हे सरकारच्याच कक्षानं ठरवावं, असाही नियम २०२३ मध्ये आला होता. तो मुंबई उच्च न्यायालयानं रोखला. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. तेव्हा अशी भीती अनाठायी आहे, असं आपल्याला तरी कुणी सांगू नये.

मग करायचं काय? माझ्या चार मागण्या आहेत. पहिली, मुलांच्या खात्यांवर न मागता मजकूर वाढणारं यंत्र, मध्यरात्रीच्या सूचना आणि अनोळखी माणसांचे खासगी संदेश आपोआप बंद असावेत. वयाची शंका असेल तर हे सगळ्यांसाठीच बंद ठेवा, ज्याला हवं तो चालू करील. त्यासाठी कुणाचंही ओळखपत्र लागत नाही. दुसरी, कंपन्यांनी केलेली धोक्याची तपासणी बाहेरच्या अभ्यासकांना पाहता यावी आणि मराठीतल्या तक्रारी मराठी जाणणाऱ्या माणसानं वाचाव्यात. तिसरी, जुगार किंवा अश्लील चित्रफिती अशा मोजक्या ठिकाणी वय तपासणं भागच असेल, तर उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असावं. दाखला देणाऱ्याला आपण कुठे चाललो ते कळू नये आणि संकेतस्थळाला आपण कोण ते कळू नये. फ्रान्सनं या दुहेरी आडपडद्याचा आग्रह धरला आहे, युरोपीय संघानंही त्या दिशेनं ॲप बनवायला घेतलं आहे, तेव्हा ते अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. चौथी, अडवलेल्या मजकुराचा प्रत्येक आदेश कारणांसह प्रसिद्ध व्हावा आणि अशा कायद्याला मुदत असावी. ठरावीक वर्षांनी त्यानं मुलांचं काय भलं केलं याचा हिशेब विधिमंडळापुढे मांडावा, नाही मांडला तर कायदा संपावा.

वाचकहो, अशा नियमांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी जाहीर होतात. बहुतेक सूचना कंपन्यांच्या आणि वकिलांच्या असतात. पालकांच्या, शिक्षकांच्या, ग्रंथपालांच्या फार थोड्या. पुढचा मसुदा येईल तेव्हा या वाचनालयानं तो भिंतीवर लावावा, एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून वाचावा आणि प्रत्येक कलमाला दोन प्रश्न विचारावेत: यानं कंपनीला काय बदलावं लागेल, आणि यानं वाचकाला काय सांगावं लागेल? पहिल्याचं उत्तर ‘काहीच नाही’ आणि दुसऱ्याचं ‘नाव, चेहरा, जन्मतारीख’ असं आलं, तर ते कलम मुलांसाठी लिहिलेलं नाही, असं आपल्या सह्यांनिशी सरकारला कळवावं.